एडविन मास्तरांची गाडी

“तोंड उघडायचं नाही,” पियसीलीने रत्नायकेला बजावलं. “गाडी तुमची नाही, आमची आहे. तुम्ही मातरहून आलेले पाहुणे, सहज डोकावलात. कळलं?”

“कळलं, मावशी. पण मास्तरांना खरंच जमेल ना? तीन गॅरेजं पालथी घातली मी. बल्ब बदलले, स्विच बदलला. जुनी घेऊन रंगवून आणली तेव्हापासून हेच. ब्रेक दाबला की मागचे दिवे मंदावतात आणि वळणाचा दिवा उगाच मिणमिणतो.”

“जमेल का म्हणे!” पियसीलीला राग आला. “अख्ख्या वेलिगाम गावात विचारा जाऊन.”

तिने स्टिअरिंगला पिरीतचा धागा बांधला. विहारातल्या भिक्खूंनी मंतरून दिलेला तो धागा तिच्या नवऱ्याच्या, एडविन मास्तरांच्या गाडीला कायम असायचा. आता या शेडमध्ये येईल त्या गाडीला ती तो बांधायची आणि गाडी जाताना गुपचूप सोडून घ्यायची.

मास्तरांची गाडी तिने विकली त्याला तीन वर्षं झाली होती. मास्तर कोलंबोच्या इस्पितळात डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडले होते, पैसे संपले होते आणि उपचार थांबवणं तिच्या जिवावर आलं होतं. एक दलाल आला आणि गाडी घेऊन गेला. डोळे काही परत आले नाहीत. घरी आल्यावर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भाताला शिवेनात. मग एके सकाळी म्हणाले, “मला गाडीपाशी ने.”

खरं सांगायची तिची छाती झाली नाही. ती धावत बेकरीवाल्या गुणदासकडे गेली. त्याच्याकडेही तसलीच गोल दिव्यांची जुनी विलायती गाडी होती, आणि तिचा हॉर्न बंद होता. ती शेडमध्ये लागली. मास्तरांनी नुसत्या बोटांनी चाचपत हॉर्न वाजता केला, आत आले आणि जेवायला मागितलं. चांगलं दोनदा वाढून घेतलं.

तेव्हापासून हे नाटक चाललं होतं. गावोगावच्या तसल्या गाड्या येत, बऱ्या होऊन जात. गुणदास रोज गाडी फिरवून आणतो, असं मास्तरांना सांगितलेलं होतं. पियसीलीला स्वतःला गाड्यांमधलं रंगापलीकडे काही कळत नसे. त्यांची होती ती हिरवी. ही पांढरी. बाकी तिला साऱ्या सारख्याच. आपण खोटं बोलतो याची तिला लाज वाटायची, पण मास्तर पुन्हा भिंतीकडे वळतील ही धास्ती त्या लाजेहून मोठी होती.

मास्तर काठी टेकत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस चापून बसवलेले. शाळेत विज्ञान शिकवायला जातानाही ते असेच निघायचे.

“आता काय दुखतंय बाईसाहेबांचं?” त्यांनी विचारलं.

“मागचे दिवे,” पियसीली म्हणाली. “आणि हे रत्नायके. मातरहून आलेत.”

“बसा, बसा. गेल्या पौर्णिमेला वायपर, आता दिवे. फार आजारी पडायला लागली ही हल्ली.”

“वय झालं तिचं.”

“माझ्याहून लहान आहे ती! मी पडतो का आजारी?” मास्तर हसले. मग रत्नायकेच्या दिशेने वळून ऐटीत म्हणाले, “चाळीस वर्षं झाली. या गाडीच्या वायरला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.”

तीन गॅरेजं आठवून रत्नायके खाली बघत बसला.

मास्तरांनी दिव्याची काच उतरवली. नेहमीसारखीच त्यांची बोटं वायर धरून एकेक वीत पुढे सरकू लागली. पियसीली डोळे भरून बघत होती. डोळस माणसांना सापडत नाही ते तिच्या नवऱ्याला सापडतं, याचा तिला इतका अभिमान वाटायचा की कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटे.

एकाएकी बोटं थांबली.

वायरचा तोच तुकडा त्यांनी पुन्हा चाचपला. या गाडीत असं काय वेगळं होतं? पियसीलीने रत्नायकेकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले.

मग मास्तरांनी वायर सोडूनच दिली. डिकीत वाकून त्यांनी तळाची फळी उचलली, जादा चाकाच्या मागे खांद्यापर्यंत हात घातला आणि तिथला एक बोल्ट फिरवला.

“तिथे?” रत्नायके न राहवून बोलला. “तिथे तर कुणी बघितलंच नाही!”

“दिव्यांची अर्थिंगची वायर आहे इथे. नेहमीच्या जागी खाऱ्या वाऱ्याने गंजते, म्हणून मीच ती इथे आणून बांधली होती. इथेही गंज चढलाय, पण थोडासाच. पॉलिश पेपर दे गं.”

त्यांनी बोल्ट घासला, व्हॅसलीन लावलं, आवळला. रत्नायकेने ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले आणि वळणाचा दिवा गप्प राहिला.

“मास्तर, तुम्हाला तोड नाही!” रत्नायके ओरडला. पियसीलीने डोळे वटारले तसा तो वरमला. “म्हणजे... तुमची गाडी छान झाली.”

“झालीच पाहिजे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी हात पुसले, पण काठी घेतली नाही. मडगार्डवरून तळवा फिरवत ते पुढच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि मान मात्र ताठ होती.

“अहो, काय झालं?” पियसीली घाबरून जवळ आली.

“काही नाही. पाहुण्यांना चहा टाक. गुळाचा खडा मोठा दे,” मास्तर म्हणाले, आणि तिचा हात शोधून घट्ट धरला. “तीन वर्षं लोकांच्या गाड्या आणल्यास, पियसीली. आज आपली आणलीस.”