आधी खो, मग बस

पडद्यावरची पोरगी पळत आली, बसलेल्या मैत्रिणीमागे थांबली आणि खो न देताच मख्खपणे खाली बसली. खो-खोचा डाव तिथेच खलास!

"स्वरूपा, कर बंद. प्रदर्शनाचे पाहुणे आलेत," ढवळे सर म्हणाले. "मी माझी जुनी प्रश्नमंजूषा दाखवतो."

महिनाभर खपून केलेला गेम असा गुंडाळायचा? "सर, दोनच मिनिटं!"

गेम म्हणजे पडद्यावरचे ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा; एका ठोकळ्याने पुढच्याला इशारा द्यायचा. तार तर एकही सुटलेली नव्हती. मग इशारा अडतोय कुठे? स्वरूपाने प्रत्येक ठोकळ्याला एक दिवा जोडला आणि गेम पुन्हा चालवला. 'पळ' पेटला. 'बस' पेटला. 'खो दे' विझलेलाच.

"अगं बये!" तिने कपाळाला हात लावला. बसलेल्या खेळाडूचे इशारे बंद, हा नियम तिनेच तर घातला होता. "बसल्यावर कुणी खो देतं होय? आधी खो, मग बस! आणि म्हणे मी शाळेच्या संघात!"

तिने त्या दोन ठोकळ्यांची अदलाबदल केली. पोरगी पळत आली, तिने खो दिला, मग बसली, आणि मैत्रीण सुसाट सुटली.

"सुटली! सर, सुटली!" स्वरूपा इतकी ओरडली, की दारातले पाहुणे दचकले.

आता माहिती सांगायला सर पुढे होतील, म्हणून ती बाजूला सरकू लागली. तेवढ्यात मागून तिच्या पाठीवर थाप पडली.

"खो!" म्हणत सर तिच्या खुर्चीत बसले, तोवर स्वरूपा पाहुण्यांसमोर पोचलीसुद्धा होती.