मॅनिफोल्डमागची वायर

गाडीनं दोन आचके दिले आणि ती पुन्हा बंद पडली. मुलगी खाली उतरली. मागच्या सीटवर बॅगा, गादीची वळकटी, चार भांडी. अख्खं बिऱ्हाडच निघालं होतं. तिनं बाह्या सारल्या आणि बॉनेट उघडलं.

बाबा कंबर धरून बाजूला उभे होते. गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा तो फाट्याफाट्यांचा भाग, तडकलं होतं. काल दिवसभर वाकून त्यांनी ते बदललं. मिळालं तेही दुसऱ्या मॉडेलचं. त्यात हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची जागा पार मागे, काचेच्या बाजूला. जुनी वायर तिथवर पुरेना. मग तिला जोड दिला, मॅनिफोल्डच्या पोटाखालून, गरम पाइपापासून लांब अशी ओढून घेतली, जागोजागी बांधली. नजर पोचत नाही तिथे बोटांनीच बघायचं. एके काळी असलं काम ते गप्पा मारता मारता उरकायचे. काल मात्र जीव मेटाकुटीला आला.

"जरा सरका," मुलगी म्हणाली आणि तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. बाबांची नजर तिच्या हातामागोमाग गेली.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ते ऑइल भरायचंच विसरले होते. त्याआधी कुणाच्या तरी चाकाचे नट ढिले राहिले. आई गेल्यापासून घरात दोघंच. पोरीनं तेव्हाच निक्षून सांगितलं होतं, "आणखी एकदा असं झालं, तर मी नोकरीला नाही म्हणून कळवणार. तुम्हाला असं एकटं टाकून मी जायची नाही." आणि ती बोलेल ते करणारी, हट्ट बापाचाच उचललेला. इतक्या वर्षांनी मनासारखी नोकरी मिळाली होती. तीही घालवली असती आणि या गॅरेजात आयुष्य झिजवत बसली असती.

तिचा हात थांबला. वायर कुठे घासत नव्हती, बांधणी घट्ट होती, काम कसं देखणं होतं. फक्त टोकाचा कनेक्टर सेन्सरवर बसलेलाच नव्हता. नुसता लोंबत होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा जोडायचा राहिला का हो?"

बाबांनी एकदा मागच्या सीटवरच्या सामानाकडे पाहिलं.

"राहील कसा? मुद्दाम सोडला. म्हटलं, गाडी चालू झाली नाही तर तू जायची नाहीस."

मग तिनं कनेक्टर दाबून बसवला आणि बॉनेट आपटलं.

"मी इथे तुमच्या काळजीनं झुरतेय, आणि तुम्ही माझ्याशीच डाव खेळताय? खरंच विसरला असतात ना, तर राहिले असते मी. आता नाही."

गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाईट वाटलं बाबांना, फार वाईट वाटलं. पण गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा त्यांच्या तोंडून सुटकेचा निःश्वासच निघाला. ते स्टुलावर टेकले.

काल संध्याकाळी तो कनेक्टर त्यांनी स्वतःच्या बोटांनी बसवला होता, चांगला टक् असा आवाज येईपर्यंत. मघा ती विचारेपर्यंत त्यांनी तसं शपथेवर सांगितलं असतं.