घरचा ॲडमिनिस्ट्रेटर

कॉम्प्युटरमधला व्हायरस निघाला, पण अडकलेले प्रोग्रॅम बंद करायचा टास्क मॅनेजर उघडेना. ‘ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे’ असं वाचताच हे भडकले. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे आमची लेक. मशीन तिनेच स्वतःच्या नावाने लावून दिलेलं. ती भांडून गेल्यापासून बापलेकीत अबोला होता. “विचार तिला, लांब बसून का छळतेस म्हणून!” मी फोन लावला. ती हसली. “आई, मी नाही गं, व्हायरसनेच जाताना कुलूप घातलंय. सांग बाबांना, मी म्हणते तसं टाइप करा.” ती सांगायची, मी मध्येच घोळ घालायचे, हे माझ्यावर खेकसायचे. शेवटी ह्यांनी फोनच हिसकावला. “बोल!” टकटक, एंटर. “उघडला गं, उघडला!” हे खुर्चीतून उडालेच. पलीकडून हळूच आलं, “बाबा, आता माझं नाव काढून तुम्हीच ॲडमिनिस्ट्रेटर व्हा.” “राहू दे,” हे म्हणाले, “पुन्हा बिघडलं तर भांडू कोणाशी?”