डिझेलची जुनी नळी

नोकरीचं बोलावणं आलं, की आमचा म्हातारा ट्रॅक्टर हटकून बंद पडायचा.

"तू गेलास तर याची नाडी कोण बघणार रे?" बाबा म्हणायचे.

मी थांबायचो. नोकरी हातची जायची आणि

ट्रॅक्टर पुन्हा ठणठणीत.

अशा दोन नोकऱ्या गेल्या. तिसरीच्या वेळीही तो बंद पडला, तेव्हा मी निघण्याआधी डिझेलची नळीच बदलून टाकली. जुनी नळी बादलीत बुडवून फुंकली, तर एका भोकातून बुडबुडे आले.

"उंदरांनी कुरतडली असेल," बाबा लांबूनच म्हणाले. "फेकून दे ती."

फेकताना बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं.



त्या भोकाशेजारी सुईच्या टोकाएवढी आणखी दोन भोकं होती, साबणाने नीट बुजवलेली. बाबांनीच मला गळती बुजवायला शिकवलं होतं, अगदी तशी.