वरची चार बोटं

पडद्याची कडी दांडीवर किणकिणली आणि दुपारची शांतता मोडली. तिने लॅपटॉपवरून मान वर केली. पडद्याखाली पायांची दहा बोटं दिसत होती. तिची पाच वर्षांची लेक खारू झोपेतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती, आपण कुणालाच दिसत नाही अशा खात्रीने.

"पाच मिनिटं थांब हं, खारू."

"मी नाहीये इथे," पडद्याने सांगितलं.

मधाच्या रंगाचं कापड होतं ते. त्यातून ऊन गाळून आत यायचं आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हलायची. अशा उजेडात डोळे मिटावेसे वाटत. पण समोर चौदा नावांची रांग होती. तेरा नावांपुढे हिरवा ठिपका. चौदावं नाव कटिंग मास्तरांचं, आणि तिथे काहीच नव्हतं.

पडदे शिवणाऱ्या कारखान्यात कामाचं नवं ॲप रुजवायची जबाबदारी तिची होती. कुणी कुठली खिडकी मोजली, कुठलं कापड कापलं, काय शिवून झालं, ते सगळ्यांना एकाच जागी दिसायला हवं होतं. मालकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आज संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा माणसं त्यावर काम करताना दिसली, तर तिने घरूनच काम करावं. नाहीतर सोमवारपासून नऊ ते सात कारखान्यात. म्हणजे खारू पाळणाघरात.

त्यात गेल्या आठवड्यात घोळ झालेला. एका शाळेचे चाळीस पडदे आखूड निघाले. मोजणाऱ्याने माप नीट घेतलं होतं, ॲपवर नीट टाकलं होतं. शिवणाऱ्या ताईंनी मास्तरांची वाट न बघता ते तिथूनच वाचलं आणि नीट कापलं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, तरी पडदे जमिनीला टेकेनात. "ॲप चुकलं," असं म्हणून सगळे मोकळे झाले. त्या चाळीसातलाच एक आता तिच्या खिडकीत होता, खारूची बोटं उघडी टाकून.

तिने मास्तरांना फोन लावला. स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

"मास्तर, एकदा तरी माप टाका ना त्यावर. आज शेवटचा दिवस आहे माझा."

"पोरी, तीस वर्षांत मी माप लिहिलेलं नाही. मी हाक देतो, लोक कापतात. तुझ्या त्या डब्याला ऐकू येतं का?"

तिला ती हाक आठवली. मास्तर मोजणाऱ्याची चिठ्ठी हात लांब करून धरत, एक डोळा मिटत, आणि सगळ्या मशिनींच्या वरून आकडा ओरडत. त्यानंतर चिठ्ठी पुन्हा कुणी बघायचंच नाही.

"चिठ्ठीवर असायचं तेच ओरडायचात ना?" तिने सहज विचारलं.

मास्तर हसले. "तेच कसं? खिडकीचं माप खिडकीपुरतं. कापडाला वर चार बोटं लागतात. दुमडीला, आणि पहिल्या धुण्यात आटतं त्याला. ती कुणी मागत नाही, पोरी. आपणच द्यायची असतात."

ती पडद्याच्या काठाकडे बघत राहिली. तीस वर्षं ती चार बोटं एका माणसाच्या गळ्यातून कापडात जात होती. चिठ्ठीत नव्हती, म्हणून ॲपमध्येही आली नाहीत.

"मास्तर, लिहू नका," ती म्हणाली. "खाली माइकचं चित्र आहे. ते दाबून धरा आणि हाक द्या."

मग फोन बंद झाला. तिने लॅपटॉप जवळ ओढला.

टुक्.

चौदावा ठिपका हिरवा झाला. आणि त्या मधाळ उजेडात मास्तरांचा आवाज भरला, लांबवलेला, जवळजवळ गाणंच. "सहा फूट... आणि वर चार बोटं..."

"कापलं, मास्तर," शिवणाऱ्या ताईंचा आवाज आला. पाठोपाठ मोजणाऱ्याचा: "मास्तर, जरा हळू. फोन फुटेल माझा."

मग हाका येतच राहिल्या. सात फूट आणि वर चार बोटं. पाच फूट आणि वर चार बोटं. कुठल्या कुठल्या घरांच्या खिडक्या तिच्या खोलीतून तरंगत गेल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, जमिनीवर आडवं झालं. संध्याकाळी मालकांचा मेसेज आला: "चौदा. घरूनच करा काम."

तिने लॅपटॉप मिटला. अंग कसं पिसासारखं हलकं झालं होतं. खारू पडद्याबाहेर येऊन जमिनीवर पालथी पडली होती. पडदा आणि फरशी यांच्यामधल्या फटीत हात घालून ती आपली बोटं मोजत होती.

"ये गं," तिने दोन्ही हात पसरले. "झालं माझं काम. चल, पाच मिनिटं खेळू. मग मला स्वयंपाकाला लागायचंय."

खारू उठली नाही. फटीतली बोटं तशीच ठेवून तिने मान वळवली.

"आई, तुझी 'थांब'ची पाच मिनिटं मोठी असतात. त्यात वर चार बोटं असतात. मग 'खेळू'च्या पाच मिनिटांत का नसतात?"