भिंतीपलीकडचे भोपळे

मत्सर हा क्षुद्र माणसांचा दुर्गुण आहे, असं मी पस्तीस वर्षं वर्गात ठणकावून सांगितलं. तेव्हा मी भाज्या लावत नव्हतो. यंदा वांगी किडली, टोमॅटो बोराएवढे राहिले, आणि भोपळ्याचा वेल भिंतीवरून शेजाऱ्याकडे उतरला. मूळ माझ्याकडे, पाणी माझं, खत माझं. भोपळे मात्र पाचही पलीकडे. शेजारी म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, गणितात कायमचा नापास. तो रोज भोपळे लेकरांसारखे थोपटायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. आज मी विळा घेऊन वेलाच्या मुळाशी बसलो. “अहो, त्या वेलानं काय घोडं मारलंय तुमचं?” बायको खिडकीतून ओरडली. “फितूर आहे तो!” मी पातं टेकवलं, तोच भिंतीवर हसरं डोकं उगवलं. “सर, शाळेतही भोपळे तुम्हीच द्यायचात! सगळ्यात मोठा तुमच्यासाठी ठेवलाय. देठ निबर आहे. जरा विळा देता?”