धुळवडीचा मार

बबिताची काठी वर गेली तेव्हा नयनने पाठ वळवली नाही. हातही आडवा धरला नाही. बाकीचे पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून, वाकून, आरडाओरडा करत खुंट्याकडे धावत होते आणि बायकांच्या काठ्या खाऊन हसत मागे पळत होते. नयन तेवढा तिच्यासमोर ताठ उभा राहिला.

फुलसावंगीजवळच्या त्या बंजारा तांड्यात धुळवडीला हा खेळ होतो. ज्या घरात मुलगा जन्मला त्या घरापुढे दोन खुंटे रोवतात, मधे गोड पुऱ्यांचं पातेलं बांधतात. बायका, म्हणजे गेरणी, काठ्या घेऊन पहारा देतात. पुरुषांनी, म्हणजे गेरियांनी, मार खात खुंटा उपटायचा आणि पातेलं न्यायचं. यंदा मुलगा बादलला झाला होता. बबिता बादलची धाकटी बहीण, म्हणून पहाऱ्यात ती सगळ्यांच्या पुढे.

या खेळाचा आणखी एक उपयोग तांड्याला ठाऊक होता. अबोला धरलेले दीर-भावजय या दिवशी पुन्हा बोलते होत. तिने दोन हाणायच्या, त्याने मुकाट्याने खायच्या, लोकांनी हसायचं. झालं, मिटलं. नयनच्या डोक्यात सकाळपासून हेच होतं. बबिताने मारावं. डोकं फुटलं तरी चालेल, पण मारावं.

दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एकाच एसटीने शाळेत गेलेले, आता पुसदला एकाच अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी बसणारे. मागच्या महिन्यात एका दुपारी तिचं डोकं दुखत होतं. नयनची खोली अभ्यासिकेच्या मागेच होती. पूर्वीही ती तिथे डबा खायला, घटकाभर पडायला आलेली. ती झोपली. त्याने जवळ जाऊन तिच्या अंगाला हात लावला तेव्हा ती जागी झाली आणि नको म्हणाली. त्याचं नाव घेऊन पुन्हा नको म्हणाली. मग तिचं बोलणं बंद झालं, अंग लाकडासारखं ताठरलं. तो थांबला नाही.

नंतर तो स्वतःला समजावत राहिला की तिला खरंच नको असतं तर ती ओरडली असती, पलीकडच्या खोलीत पोरं होती. तिला पाठवलेल्या मेसेजमध्ये त्याने ‘गैरसमज’ असा शब्द लिहिला. उत्तर आलं नाही. तो मेसेज वाचताना त्याचे स्वतःचेच कान तापत. गैरसमज कुठलाच झाला नव्हता. तिने काय म्हटलं ते त्याला तेव्हाच समजलं होतं.

काठी वरच राहिली.

नयनची आई जमनी शेजारच्या खुंट्यापाशी होती. माझा आहे म्हणून सोडू नकोस, चांगली दोन ठेवून दे, असं ती हसत ओरडली. दोस्ताला मारायला हिचा हात उठत नाही, अशी कुणीतरी भर घातली. बायका खिदळल्या. डफ वाजवणाऱ्या देवीलालने ठेका वाढवला.

“मार, बबिता,” नयन हळूच म्हणाला. “पाहिजे तेवढं मार.”

बबिताने काठी खाली घेतली आणि पायाशी टाकून दिली. एरवी ती दोघं आपसात तांड्याच्या गोरबोलीत बोलत. आता ती मराठीत बोलली, बसस्टँडवर अनोळखी माणसाशी बोलावं तशी.

“नाही म्हटलं तवा थांबला नाही. आज कायले थांबून राह्यला? घे.”

एवढं बोलून ती बाजूला झाली. खुंटा मोकळा पडला.

डफाच्या आवाजात तिचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. पहारा सुटला एवढंच लोकांना दिसलं. मागून गेरियांचा लोंढा आला. कुणीतरी नयनचे हात धरून खुंट्यावर ठेवले, सगळ्यांनी मिळून हिसके दिले आणि खुंटा ढेकळांसकट वर आला. गावातून खेळ बघायला आलेल्या कपिलने नयनला खांद्यावर उचललं.

“अबे, एक काठी न खाता जिंकला ना बे तू!”

लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. जिंकणाऱ्याने आधी खायचं असतं, म्हणून जमनीने पातेल्यातली पुरी काढली आणि टाचा उंचावून लेकाच्या तोंडात कोंबली.

वरून नयनला गर्दीपलीकडचं दिसत होतं. बबिता हातपंपावर तोंडाचा रंग धूत होती. तिची चुलत बहीण संगीता स्कूटी काढून उभी होती. तिने काही विचारलं, बबिताने मान हलवली आणि ओढणीने तोंड पुसत मागे बसली. स्कूटी फाट्यावर गेली आणि महागावच्या रस्त्याला लागली. धुळवडीला महागावात दुकानं बंद असतात. दवाखाना आणि पोलीस ठाणं तेवढं उघडं असतं.

बबिता दिसेना म्हणून जमनीने खाली दोघीचौघींना विचारलं. भाच्याचा सण टाकून ही पोरगी गेली कुठे? कुणाला सांगता येईना. मग तिने नयनचा पाय धरून हलवला आणि वर बघत त्यालाच विचारलं.

पुरीचा घास गिळता येईना आणि थुंकताही येईना. नयनने मान खाली घातली. खाली सगळा तांडा तोंडं वर करून त्याच्याकडेच बघत होता.